चेअरमनची थंडगार खोली

हसलात तर हसा, पर मधी बोलू नका.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं चेअरमन बाजीनाना भर मीटिंगीत म्हणालं, "परदेशात मेलेल्या मानसाला गोठवून ठेवत्यात. पुढं औषध निघालं की उठवत्यात. म्या मेलो की जाळायचं न्हाई, कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायचं. उठलो की पुन्यांदा चेअरमन मीच! उद्याच खोली रिकामी करा, मला निजून बघायचंय."

त्या खोलीत सभासद तानाक्काचा वर्साचा बेदाणा हुता. भाईर काढला की उन्हानं काळाठिक्कर. बाकीचे माना डोलवत हुते. एकानं तर इचारलं, "नाना, फेट्यासकट गोठवायचं का?"

तानाक्का पदर खोचून उठली. "नाना, बेत झ्याक हाय. पर खोलीची किल्ली कुनाकडं असती?"

"चेअरमनकडं. ह्ये काय इचारनं झालं?"

"मंजी तवा जो चेअरमन आसंल, त्यानं तुमाला उठवायचं. आन् तुमी उठून त्याचीच खुर्ची घ्यायची?"

"घेनारच!"

"बरं. तुमच्या आदी तुमचं चुलतं चेअरमन हुतं. तुमीच त्यास्नी खाली वढलं. ते आज आत गोठून पडलं आसतं, तर तुमी किल्ली लावली आसती का वं?"

नानांनी तोंड उघाडलं, ते बर्फाबिगरच गोठलं.

बेदाणा जागच्या जागी ऱ्हायला. नाना घरी गेलं आन् बायकोला म्हणालं, "अगं, परड्यातली लाकडं भिजू दिऊ नगंस. आपलं जळल्यालंच बरं!"