तोंडावर उमटलेलं नाव

फोन तारेने भिंतीला बांधलेले असत, त्या काळची ही गोष्ट. मालतीबाईंकडे बिनतारी फोन आला आणि डायलचा काळा फोन कपाटावर बसून जळफळू लागला. उद्या भंगारवाला त्याला नेणार होता.

"मी घरभर हिंडतो," नवा मिरवायचा. "कोणाचा फोन आहे, ते उचलण्याआधीच नावानिशी दाखवतो. तुला येतं?"

येत नव्हतं. म्हणून तर काळ्याच्या अंगाची आग व्हायची.

संध्याकाळी मालतीबाईंची नणंद आली. इतक्यात नवा वाजला. बाईंचे हात पिठात, म्हणून नणंदेने उचलला.

"वहिनी, ही 'कटकट' कोण गं?" तिने वाचून विचारलं आणि फोन कानाला लावला.

"आई, घरी कधी येतेस?" पलीकडून तिचाच मुलगा बोलला.

नणंदेने फोन आपटला. "वन्सं, चहा तरी घ्या!" बाई मागे धावल्या. पण वन्सं गेल्या त्या गेल्याच.

दुसऱ्या दिवशी काळा पुन्हा भिंतीशी आला आणि नवा कपाटावर गेला.

"नाव बाईंनीच घातलं होतं!" तिथून नवा जळून ओरडला.

"नावं त्या आधीही ठेवायच्याच," काळा म्हणाला. "माझ्या तोंडावर ती उमटत नव्हती, एवढंच."