निरोप कोणाच्या दारी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. राजाच्या सेनेत उभा जन्म काढलेले एक म्हातारे सेनानी तिथे आपल्या विधवा बहिणीकडे येऊन राहिले होते. त्यांचे गुडघे धरले होते, एका कानाने ऐकूही येत नव्हतं. लोक त्यांना मान देत, सणासुदीला पुढे बसवत आणि लढायांच्या गोष्टी सांगा म्हणत. ते कसनुसं हसून विषय बदलत. अंगणातल्या बाजेवर पडून राहावं, कोणी हाक मारू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या वर्षी गवत बेताचंच उगवलं. ओढ्यापलीकडच्या गावाने माळावरचं कुरण आपलं म्हणून अडवलं. इकडे दावणीला गुरं उपाशी हंबरू लागली. गावातले तरुण चिडले आणि काठ्या-कुऱ्हाडी घेऊन सेनानींच्या अंगणात जमले. पाटलांचा मुलगा सगळ्यांत पुढे होता. तुम्ही फक्त कुठून चाल करायची ते दाखवा, बाकी आम्ही बघून घेतो, असं तो म्हणाला.

बहीण बाहेर आली. "दादा, तुम्ही पडून राहा. पुष्कळ केलंत आजवर."

सेनानी मात्र उठून बसले.

"येतो," ते म्हणाले. "पण लढाई संपली की मेलेल्यांचा निरोप घरोघरी न्यावा लागतो. जन्मभर ते काम मी केलं, इथेही ते माझ्याकडेच येणार. तेव्हा प्रत्येकाने आधी सांगून ठेवा, मी कोणाच्या दारात उभा राहू आणि कोणाला हाक मारू?"

काही जण हसले. सेनानी हसत नव्हते, वाट पाहत होते. मग एक जण म्हणाला, आईला. दुसऱ्याने बायकोचं नाव घेतलं आणि तो अडखळला. तिला दिवस गेले होते. तिसऱ्याने ओढ्यापलीकडे पाहिलं. त्याची बहीण त्याच गावात दिली होती, समोर मेहुणाच उभा राहणार होता.

शेवटी पाटलांचा मुलगा खाली बघत म्हणाला, "आमच्या आजोबांना. त्यांना दिसत नाही. जरा हळू सांगा."

"मला आता तेवढ्या दारांत उभं राहवत नाही रे, बाळांनो," सेनानी म्हणाले.

एकेकाने काठी भिंतीला टेकवली.

बहीण नको नको म्हणत असतानाही सेनानी भर उन्हात एकटेच ओढा ओलांडून गेले. तिथल्या माणसांनाही त्यांनी हेच विचारलं आणि उत्तरं मिळेपर्यंत ते पारावरून हलले नाहीत. संध्याकाळी दोन्ही गावचे पंच एकत्र बसले. सकाळी एका गावची गुरं चरतील, दुपारनंतर दुसऱ्या गावची, असं ठरलं. पलीकडच्यांनी सेनानींना बैलगाडीतून घरी पोचवलं.

त्यानंतर सेनानी अंथरुणावरून उठले नाहीत. काही दुखतंय का, असं बहिणीने विचारलं.

"नाही गं. दमलोय," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. तीच त्यांची शेवटची झोप.

त्यांना खांदा द्यायला ओढ्यापलीकडूनही माणसं आली. त्या वर्षी दोन्ही गावची गुरं हाडकुळी राहिली, पण कुरणापायी कुठल्याच घरातलं माणूस कमी झालं नाही.

म्हणून लढाईची किंमत लढून थकलेल्या माणसाला विचारावी, लढायची हौस असलेल्याला नव्हे.