बोलायची पाळी

एकदा एक मनुष्य केवळ रविवार घालवायचा म्हणून पत्ते शिकायला गेला. त्याचे नाव श्रीरंग. वय पन्नाशीच्या अलीकडचे, स्वभाव सरळ, दिलेला शब्द पाळणारा. पूर्वी त्याचे रविवार रिकामे नसत. त्याच शहरात, नदीच्या पलीकडे, त्याची थोरली बहीण शैलजा राहत असे. रविवारी सकाळी तिच्याकडे जावे, जेवून, गप्पा मारून उन्हे कलल्यावर परतावे, हा त्याचा नेम होता. तो नेम मोडला त्याला आता बराच काळ लोटला होता.

मोडण्याचे कारण असे घडले. आई श्रीरंगकडेच असे, ती गेली. दिवसकार्य उरकले आणि पुढच्याच आठवड्यात त्याने तिची खोली रिकामी केली. लुगडी, पितळी डबे, पोथ्या, देवाचा चौरंग, सगळे एका वृद्धाश्रमात देऊन टाकले. बहिणीला आधी विचारावे, हे त्याला सुचलेच नाही. ती आली तेव्हा खोलीच्या दारातच थबकली. मोकळ्या भिंतींकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "एक लुगडं तरी ठेवायचंस माझ्यासाठी. आई गेली, आणि माझं माहेरही गेलं. यापुढे मला बोलावूसुद्धा नकोस."

श्रीरंग काही बोलला नाही. ती जिना उतरून गेली.

त्याने तिचा शब्द अक्षरशः पाळला. दिवाळी आली, भाऊबीज आली, गेली. मुलाच्या मुंजीची आमंत्रणे निघाली तेव्हा पत्नी मेधा म्हणाली, "ताईंना तुम्ही स्वतः जाऊन बोलावून या. मुलाची आत्या आहेत त्या."

"तिनंच सांगितलंय, बोलावू नकोस म्हणून. मी तिच्या शब्दाचा मान राखतोय."

"मान?" मेधाने एवढेच विचारले आणि ती कामाला लागली. मुंज झाली. आत्या नव्हती. भिक्षावळीच्या वेळी कोणीतरी चौकशी केली, तेव्हा श्रीरंगने अक्षता सारख्या करण्याचे निमित्त करून मान वळवली.

तर असे रिकामे रविवार घेऊन तो जिमखान्यात आला. तेथे आबासाहेब प्रधान नावाचे एक वृद्ध गृहस्थ नवख्यांना ब्रिज शिकवीत. उभा जन्म त्यांनी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात घालवला होता. पण खेळात कोणी चुकला तर ते तर्क लढवीत नसत, रागावतही नसत. फक्त विचारत, "असं का वाटलं तुला?" आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेत.

ब्रिजमध्ये चौघे बसतात. समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. जोडीदाराची पाने जोडीदारालाही दिसत नाहीत. खेळाआधी बोली लागते, आणि आपल्या हातात काय आहे हे समोरच्याला कळवायला त्या बोलीतले मोजकेच शब्द काय ते जवळ असतात. त्यातला एक शब्द 'डबल'. श्रीरंगने त्याचा एकच अर्थ मनाशी घट्ट धरला होता: प्रतिपक्षाने झेपणार नाही ती बोली लावली आहे, आता त्याला दुप्पट दंड करू.

जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धेत आबासाहेबांनी श्रीरंगला जोडीला घेतले. नवशिक्याला तो मोठाच मान होता. श्रीरंगही जीव ओतून खेळला. शेवटचा डाव वाटला गेला तेव्हा दोघे सगळ्यांच्या पुढे होते.

डावीकडच्या गृहस्थांनी बोली लावली, "एक बदाम."

समोरून आबासाहेब म्हणाले, "डबल."

उजवीकडच्या बाई म्हणाल्या, "पास."

श्रीरंगने आपली पाने पुन्हा एकदा पाहिली. किलवरची पाच पाने, सगळी बारीक. चित्र म्हणावे तर चौकटचा एक गुलाम. बाकी नुसता कचरा. आपल्याजवळ बोलण्यासारखे आहे काय? आबासाहेबांनी दंड ठोकला आहे; ते जाणोत आणि त्यांची पाने जाणोत.

"पास," तो म्हणाला.

डावीकडच्या गृहस्थांनी तर पास म्हणताना हसू आवरले. त्यांना सात हात करायचे होते. त्यांनी नऊ केले, तेही दुपटीच्या गुणांनी. स्पर्धेची ढाल गेली. आबासाहेबांनी उठून प्रतिपक्षाचे अभिनंदन केले. श्रीरंग खाली मान घालून उभा होता. त्याला ते म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा लवकर ये."

तो गेला तेव्हा टेबलावर तोच डाव मांडलेला होता. दोन विद्यार्थी प्रतिपक्षाच्या जागी बसले होते. आबासाहेब मात्र श्रीरंगच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांची खुर्ची मोकळी होती.

"तू तिथे बस," ते म्हणाले. "माझी पानं उचल."

श्रीरंगला काही उमजेना. त्याने पाने उचलली. इस्पिकचे राजा-राणी, चौकटचा एक्का, किलवरचे एक्का-राजा, आणि बदामाचे एकुलते एक पान. एवढे वैभव हातात घेऊन तो प्रथमच बसला होता. विद्यार्थ्याने पूर्वीसारखीच बोली लावली, "एक बदाम."

आता श्रीरंगची पाळी. तो विचारात पडला. हातात ताकद तर मुबलक आहे, पण ती लावायची कुठे? समोरच्याकडे कुठल्या रंगाची पाने जास्त आहेत, तेवढे कळले तर वाटेल ते करता येईल. पण विचारायचे कसे? त्याने एकेक बोली मनात घोळवून पाहिली. एकही पुरी पडेना. अखेर एकच शब्द उरला.

"डबल," तो म्हणाला, आणि आशेने आबासाहेबांच्या तोंडाकडे पाहू लागला.

दुसरा विद्यार्थी पास म्हणाला. आबासाहेबांनी आपली बारीक पाने निवांत पाहिली. "पास."

"अहो, पास काय!" श्रीरंग खुर्चीतून अर्धा उठला. "मी तुम्हाला विचारत होतो. काहीतरी बोला, असं म्हणत होतो मी!"

"शब्द तर दंडाचा होता."

"शब्द तो असेल. पण माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता!"

आबासाहेबांनी पाने खाली ठेवली. "नव्हता ना? त्या दिवशी माझ्याजवळही नव्हता." ते पुढे म्हणाले, "श्रीरंग, शब्द एकच असतो. तो कधी उच्चारला गेला, ते पाहायचं. बोली खूप वर चढली आहे, दोघांचंही आपापलं सांगून झालं आहे, आणि मग डबल आला, तर तो बहुधा दंड. पण बोली अजून खालीच आहे, जोडीदारानं तोंडसुद्धा उघडलेलं नाही, अशा वेळी आलेला डबल ही विनवणी असते. माझ्याजवळ पुष्कळ आहे, पण तुझ्यावाचून ते मांडता येत नाही; तू बोल."

"पण माझ्या हातात काहीच नव्हतं, आबासाहेब."

"किलवरची पाच पानं होती. 'दोन किलवर' म्हणायचं. दुबळ्या हातानं तर बोलायलाच हवं. अशा डबलवर पास म्हणायला प्रतिपक्षाच्याच रंगाची भरभक्कम पानं लागतात. तू पास म्हणालास ते बळ होतं म्हणून नव्हे, सांगण्याजोगं काही नाही असं वाटलं म्हणून. आणि तुझ्यानंतर डावीकडचाही पास म्हणाला. तिथे बोली संपली. मग मागाहून कितीही सुचलं तरी उपयोग काय?"

विद्यार्थी हसले. श्रीरंग हसला नाही. त्याला रिकाम्या खोलीचे दार दिसत होते, आणि दारात उभी राहिलेली ताई. ती बोलली त्याआधी आपण एक अक्षर तरी उच्चारले होते काय? त्याने आठवून पाहिले. नव्हते.

"आणि हे फार उशिरा कळलं तर?" त्याने विचारले.

आबासाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिले. कशाबद्दल, असे मात्र विचारले नाही. "डाव पुन्हा मांडता येतो तो इथे, शिकताना. एरवी नाही. पण उत्तर द्यायचं राहून गेलं आहे, हे कळूनही माणूस बसून राहिला, तर तो दुसरा पास."

श्रीरंग तेथून निघाला तो थेट नदीपलीकडे गेला.

ताईचे दार सताड उघडे होते. घरभर खोकी. मधोमध ती सुतळीचे भेंडोळे घेऊन बसली होती. केस पुष्कळ पिकले होते. तिने वर पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "ये. खुर्च्या बांधून झाल्या, त्या खोक्यावर बस. आम्ही बंगळूरला चाललोय, मुलाकडे. सामान आज जातंय, आम्ही उद्या. तुला कळवावं असं मनात होतं..." पुढचे तिने सोडून दिले.

श्रीरंग बसला नाही. "ताई, त्या दिवशी मी काही बोललो नाही."

ती सुतळी सोडवत राहिली.

"मला ती खोली बघवत नव्हती. प्रत्येक वस्तूला आईचा वास होता. तिच्या दारावरून जाताना मी मान फिरवून जायचो. म्हणून देऊन टाकलं सगळं. तुला विचारायचं सुचलंच नाही. एवढंच होतं. सांगण्यासारखं आहे असं वाटलं नाही तेव्हा."

ताईचे हात थांबले. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"हे जिन्यात येऊन म्हणाला असतास, तर मी परत वर आले असते रे. खाली फाटकापाशी थांबले होते, चपलेचा बंद नीट करायच्या निमित्तानं." तिने सुतळी पुन्हा हातात घेतली. "मुंजीच्या दिवशीही पहाटेच आवरून बसले होते. हे म्हणाले, कोणी यायचंय का? म्हटलं, कोणी नाही."

 श्रीरंगने विचारले, "अजून राग आहे माझ्यावर?"

"नाही." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "राग केव्हाच गेला. राग होता तोवर वाट तरी पाहत होते."

हे ऐकून तो तिच्याशेजारी खाली बसला. तिने खोके पुढे सरकवले. त्याने सुतळीचे दोन वेढे दिले, आणि गाठ सैल पडू नये म्हणून तिने बोट दाबून धरले. दोघांनी मिळून एक खोके बांधले, मग दुसरे. मुंजीची, भाऊबिजेची गोष्ट कोणी काढली नाही. ते दिवस आता पुन्हा मांडता येण्याजोगे उरले नव्हते.

खालून टेम्पोवाल्याने हाक मारली, "झालं का, ताई?"

तिने तोंड उघडण्याआधीच श्रीरंग खिडकीपाशी गेला होता. "आलो," तो म्हणाला, "घेऊन येतोय खाली."