पत्र्यावरचं दव

"सात हिवाळे झाले, तुमच्या टोळीत कुणाचं हाड मोडलं नाही म्हणतात. खरं का, नाना?"

विचारणारा संपत आहेर. निफाडजवळच्या एका कोल्ड स्टोअरेजवर दोन महिन्यांपूर्वीच तो हमालांचा मुकादम झाला होता. चार दिवसांपूर्वी द्राक्षांच्या पेट्या चढवताना त्याच्या टोळीतला निवृत्ती सटकला, मांडीचं हाड मोडून घेतलं. म्हणून संपत शेजारच्या यार्डातल्या हिरामण नानांकडे आला होता. नाना तिथले जुने मुकादम.

"खरं आहे," नाना म्हणाले.

"मग आम्ही कुठं कमी पडलो? बूट दिले, हातमोजे दिले. नियमांचा बोर्डही लावलाय."

"या महिन्यात तुझ्याकडे किती घसरले?"

"निवृत्ती सोडला तर एकही नाही." संपतचा आवाज ताठ झाला.

"आमच्याकडे एकोणीस."

संपत हसला. "मग शिकवायला मीच यायला हवं होतं."

नाना उठले. त्याला माल चढवायच्या धक्क्यावर घेऊन गेले.

ऊन अजून आलं नव्हतं. धक्का आणि ट्रक यांच्यामधला लोखंडी पत्रा दवानं चकाकत होता. जागोजागी खडूची वर्तुळं होती. प्रत्येकात वाळू टाकलेली.

"इथं परवा गोटीराम घसरला," नाना म्हणाले. "तिथं देवचंद. आणि या इथं आज सकाळी मी."

"तुम्ही?"

"सगळ्यांदेखत आपटलो. मग खडू मागितला."

संपत वर्तुळांकडे बघत राहिला.

"तू कधी घसरलास?"

"मी नाही घसरत, नाना. पंधरा वर्षं झाली मला..."

तो थांबला.



"पाच दिवसांपूर्वी," संपत हळू म्हणाला. "पत्र्यावर दव गोठलं होतं. गुडघ्यावर आलो. कुणी बघितलं नाही. पँट झटकली आणि कामाला लागलो."

"जागा?"

"...निवृत्ती पडला तीच."

 नानांनी खिशातला खडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी संपतनं टोळी जमवली आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याची मान वर झाली नाही. मग दवाखान्यात जाऊन निवृत्तीलाही सांगितलं.

निवृत्तीनं नजर छताकडे वळवली.

"पडायच्या आधी मीही तिथं दोनदा सटकलो होतो, मुकादम," तो म्हणाला. "तुमच्यासमोर बोलायला लाज वाटली."

आठवड्यानं संपत पुन्हा नानांच्या यार्डात आला. चेहरा उतरलेला.

"नाना, आठ दिवसांत अकरा जण येऊन सांगून गेले, घसरलो म्हणून. धक्का खडूनं भरलाय. मालक विचारतात, हे काय चाललंय?"

"आणि जायबंदी?"

"कुणी नाही."

नानांनी त्याच्यासाठी बाकावर जागा केली.

"बस. आता झालास मुकादम."