मळईच्या पोटातल्या शेंगा

नदी काठाशी बोलायची, त्या काळातली गोष्ट. "यंदाच्या पुरात मळईची माती नदी…" एवढंच बोलून टिटवी उडाली. भुईमुगाच्या वेलीचा जीव टांगणीला लागला. तिच्या शेंगा काठावरच्या त्याच वाळूमिश्रित मळईत पोसत होत्या.

शेजारची काळी जमीन म्हणाली, "तरी सांगत होते बयो, या भुसभुशीच्या पोटात काही म्हणून ठरत नाही. पाणीसुद्धा!"

"खरंय बाई," मळई हसली.

पूर आला नि ओसरला. काळी पाणी धरून बसली. मळईतलं पाणी मात्र भराभरा झिरपून गेलं. वेलीने मातीत चाचपून पाहिलं. शेंगा कुजल्या नव्हत्या, शाबूत होत्या!

टिटवी परतली. "नेली ना माती?"

"नेली की, काठाची वीतभर," वेल म्हणाली. " वर नवा गाळ घालून गेली. अर्धंच सांगून कुठं उडालीस गं भवाने?"