काळा दोर

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राजाचं नाव आता कोणालाच आठवत नाही. आणि ज्याची ही गोष्ट आहे, त्याचं नाव मी मुद्दामच सांगणार नाही. त्याने पुष्कळ सोसलं आहे. आपण आणखी कशाला त्याला चारचौघांत उभं करायचं?

राजाचा गड काळ्या कातळावर होता. दर पावसाळ्यात तटाच्या फटींत पिंपळाची नि उंबराची रोपं उगवायची. दिसायला वीतभर, पण चार वर्षं राहू दिली तर मुळांनी भला मोठा दगड जागचा हलवतील. म्हणून पाऊस ओसरला की गडाखालच्या वाडीतली माणसं तटाच्या बाहेरच्या अंगाने उतरत आणि एकेक रोप मुळासकट उपटून काढत. उतरण्यासाठी दगडांत खोबण्या होत्या. त्यांत बोटं रुतवायची, पायाचा अंगठा टेकवायचा आणि खाली बघायचं नाही.

शिवाय प्रत्येकाच्या कमरेला एक दोर असे. घरी वळलेला, अंबाडीचा, पांढुरका. त्याचं दुसरं टोक वर खुंट्याला बांधलेलं असे, आणि खुंट्यापाशी घरातलंच कोणीतरी दोरावर हात ठेवून बसलेलं असे. हात सुटला तर माणूस लोंबकळेल, खरचटेल, पण जेवायला घरी येईल. याला वाडीतले लोक ‘दोरावर बसणं’ म्हणत. दोरावर बसलेल्या माणसाशी त्या वेळी कोणी एक शब्द बोलत नसे.

सगळ्यांत अवघड होता पश्चिमेचा बुरूज. तिथे एकटा आपला हा गडी उतरायचा, आणि त्याच्या दोरावर बुरुजाच्या आडोशाला, बाकीच्यांच्या नजरेआड, त्याची बायको बसायची.

एका वर्षी दोर कुजू नये म्हणून बायकोने तो हिरड्याच्या काढ्यात भिजत घातला. मोठं भांडं हाताशी नव्हतं, म्हणून तिने गंजकी लोखंडी कढई घेतली. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काय होतं, ते शाई करणाऱ्याला विचारा! सकाळी दोर बाहेर निघाला तो काळाकुट्ट.

“दिसायला मेला कसातरीच झाला,” ती म्हणाली, “पण चिवट झालाय हो.”

“मला काय तो मिरवायचाय?” असं म्हणून त्याने तो कमरेला बांधला.

नेमका त्याच दिवशी राजा कामं बघायला कड्याच्या पायथ्याशी आला. काळ्या कातळावर काळा दोर. खालून तो दिसणार कसा? राजाने पाहिलं ते एवढंच, की बाकी सगळ्यांच्या कमरेला दोर आहे आणि पश्चिमेच्या बुरुजावर एक माणूस नुसत्या हातापायांवर उतरतो आहे.

राजाने त्याला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. “दोराशिवाय उतरतोस! शाबास! आजपासून तू या गडाचा बिनदोऱ्या!”

‘महाराज, दोर आहे.’ शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण भोवती लोक टाळ्या पिटत होते, पागोटं जड आणि ऊबदार होतं, आणि त्याने मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा विनय! ती शरम होती. पण ती त्या दिवशी एवढीशीच होती, म्हणून त्याला गिळता आली.

न बोलणं एकदा जमलं की बोलणंही जमू लागतं. वाडीत कोणी विचारलं, तर तो मिशीवर हात फिरवून म्हणे, “दोर कशाला? देवाने हात दिलेत की!” आणि दुसऱ्या वर्षी हिरड्याचा काढा त्याने स्वतः, मुद्दाम त्याच कढईत उकळला.

त्या वर्षी तटावर निराळंच दृश्य दिसलं. एकाने दोर घरी ठेवला, मग दुसऱ्याने, मग चौघांनी. ज्याच्या कमरेला दोर दिसे, त्याला बाकीचे म्हणत, “काय रे, दाव्याला बांधलेल्या गाईसारखा?” कोण ऐकून घेणार?

बिनदोऱ्याचा मेहुणा मात्र शहाणा होता. बायकोचा हा पाठचा भाऊ. घरात सहा महिन्यांची मुलगी होती त्याच्या. तो सरळ येऊन म्हणाला, “दाजी, एक खरं सांगा. तुम्ही खरंच दोर बांधत नाही? तुम्ही नाही म्हणालात, तर मीही सोडीन.”

खरं सांगायला याहून चांगली वेळ ती कोणती! पण ओसरीवर चार माणसं बसली होती. बिनदोऱ्या हसला आणि म्हणाला, “तुला भीती वाटत असेल, तर बांध बाबा.”

चारही माणसं हसली. मेहुण्याने दोर सोडला.

दोन दिवसांनी पश्चिमेच्या बुरुजावर शेवाळलेल्या खोबणीतून बिनदोऱ्याचाच पाय निसटला. क्षणभर तो हवेत होता. मग कमरेला हिसका बसला, दोर करकरला आणि तो कातळावर जाऊन आपटला. वर बायकोचे तळहात सोलून निघाले, पण तिने दोर सोडला नाही. हे कोणी पाहिलं नाही.

“आज सांगा सगळ्यांना,” तो वर आल्यावर ती म्हणाली. “माझा भाऊ उतरतोय तिकडे, रिकाम्या कमरेने.”

“सांगतो,” तो म्हणाला. “एवढा आठवडा जाऊ दे.”

आठवडा गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याचा हात निसटला.

खाली करवंदीची जाळी होती, म्हणून जीव वाचला. पण दोन्ही पाय असे मोडले, की वैदूने नुसती मान हलवली. बिनदोऱ्या धावत गेला. पागोटं वाटेत कुठे पडलं, त्याला कळलंही नाही. मेहुण्याने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला,

“दाजी, रागावू नका. तुमचं नाव घालवलं मी. तुमच्यासारखं नाही जमलं. माझाच हात कच्चा.”

बाळांनो, कोणी शिव्या दिल्या तर माणूस उलटून बोलू शकतो. पण जो तुमच्या खोटेपणामुळे मोडला, तोच तुमची माफी मागू लागला, तर तोंड कुठे लपवायचं? बिनदोऱ्याला वाटलं, हा कातळ दुभंगावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. कातळ काही दुभंगला नाही. असे प्रसंग माणसाला उभ्यानेच सोसावे लागतात.

तो घरी आला, तर बायको दारातच उभी होती. तिने काळा दोर त्याच्यापुढे ठेवला. “हा मी वळला,” ती म्हणाली, “आणि गप्पही मीच बसले. उठा आता.”

ती दोघं दोर घेऊन दरबारात गेली. त्याने वाटेतून उचलून आणलेलं पागोटं राजाच्या पायाशी ठेवलं, काळा दोर सगळ्यांसमोर कमरेला बांधला आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “महाराज, कड्यावर मी कधीच शूर नव्हतो. आणि खाली जमिनीवर, जिथे बोटभर धीर पुरला असता, तिथेही नव्हतो.”

राजाने पागोटं उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, “पायथ्याशी उभं राहून मी वरच्यांच्या धाडसाची वाहवा केली. पागोटं ठेवण्याआधी एकदा वर येऊन बघितलं असतं, तर? माझीही मान खालीच आहे.”

राजाने हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक दोर गेरूत बुडवून लाल करावा. पायथ्यावरून दोर दिसला नाही, तर त्या माणसाला वर घ्यावं, मग तो कितीही मोठा असो. जखमी मेहुण्याच्या घरची चूल राजवाड्याने सांभाळली.

बिनदोऱ्या मग कधी तटावरून खाली उतरला नाही. मेहुण्याला तो रोज पाठीवर घेऊन गडावर नेई आणि खुंट्यापाशी बसवी. मेहुणा दोरावर बसे, आणि हा प्रत्येकाच्या कमरेची गाठ ओढून बघे. कोणी नवा माणूस म्हणाला, “राहू द्या ना आजोबा, एवढं काय?” तर तो काळा दोर काढून दाखवी आणि पहिल्यापासून सगळं सांगे. मेहुणा ते दर वेळी ऐके. त्याने कधी टोमणा मारला नाही. फक्त एकदा, पुष्कळ वर्षांनी, तो शांतपणे म्हणाला, “दाजी, मी तुम्हाला विचारलं होतं.”

बिनदोऱ्याने पुढच्या माणसाच्या कमरेची गाठ दोनदा ओढून बघितली.

तात्पर्य: आपला दोर लपवून जो धाडसाची बढाई मारतो, तो दुसऱ्याचा जीव कड्यावर मोकळा सोडतो.