दाढी कोणाची, वस्तरा कोणाचा

भुजंगराव महाराजांना अंगभर तेल लावून झालं, ते चौरंगावर न्हायला बसले आणि नेमका तेव्हाच निरोप आला: संगणक अडलाय, महाराजांशिवाय हलत नाही.

महाराज पंचा गुंडाळून निघाले. दोष तसा त्यांचाच, पण तो सांगणार कोण? अंबरगडच्या या राजाला प्रत्येक वस्तूवर आपलं नाव लागायचं. पळीवर नाव, पाटावर नाव. राजवाड्यात संगणक आला तेव्हा त्याच्यापुढच्या खुर्चीवरही नाव कोरून झालं, आणि आतला एकूण एक फोल्डर महाराजांनी आपल्या मालकीचा करून घेतला. त्यातच एक होता कोठाराचा. नवे प्रोग्रॅम आणून तिथे लावून ठेवायचं काम एक कोठीवाला प्रोग्रॅम करी. तो बिचारा माल घेऊन दाराशी आला, की पडद्यावर पाटी झळके: परवानगी नाही. मग महाराजांनी यायचं, आपला गुप्त शब्द टाइप करायचा, तेव्हा कुठे माल आत जायचा.

त्या दिवशी तेलकट बोटं कळांवरून घसरत राहिली आणि महाराज भडकले. दिवाणजींनी सुचवलं, कोठार सगळ्यांनाच खुलं करून टाकावं, कटकटच मिटेल. संगणक सांभाळणारी सगुणा म्हणाली, मग कोणीही येईल आणि काहीही ठेवून जाईल. झालं, महाराज तिच्यावरच उखडले.

"मग तूच कर काय ते. कोठार माझ्याच मालकीचं राहील, गुप्त शब्द मी कोणाला सांगणार नाही, आणि मला रोज उठून कोणी बोलवायचं नाही. तरी नवा माल आत गेला पाहिजे. उद्या माझी दाढी होईपर्यंत जमलं नाही, तर ही खुर्ची सोड."

सगुणाला रडूच आलं. मोठ्या हौसेने शिकून तिने ती खुर्ची मिळवली होती. उपाय तिला ठाऊक होता, पण कोठाराचे नियम बदलायचा हुकूम फक्त मालकाचा चाले, आणि मालक तर काही ऐकून घ्यायला तयार नव्हता. मग तिला आठवलं, महाराजांना रोज थोडा वेळ गप्प बसावंच लागतं. तिचे वडील हैबती महाराजांची दाढी करत.

सकाळी हैबतीने वस्तरा महाराजांच्या गळ्याला लावला. पाण्याची वाटी धरून सगुणा शेजारी उभी होती, समोर दिवाणजी.

"महाराज, ही दाढी कोणाची?"

"माझी. आणखी कोणाची?" महाराज ओठ न हलवता म्हणाले.

"मग वस्तरा बाबांच्या हातात कसा?"

"मी मुभा दिली म्हणून."

"म्हणजे दाढीचे मालक बाबा झाले?"

"वेडी आहेस का?"

"आणि मिशी?"

"मिशीला हात तर लावून बघू दे!"

"दिवाणजी म्हणतात तशी सगळ्या गावाला मुभा दिली तर?"

महाराजांनी वस्तऱ्याकडे डोळे फिरवले आणि मान हळूच मागे घेतली.

"तेवढंच करायचंय, महाराज. कोठाराची मालकी तुमचीच. माल ठेवायची मुभा फक्त कोठीच्या गटाला, म्हणजे मला आणि माझ्या हाताखालच्यांना; कोठीवाला आमच्याच नावाने आत जाईल. बाकीच्यांनी नुसतं वापरायचं. दुसरे फोल्डर म्हणजे तुमची मिशी, त्यांना आम्ही शिवणार नाही. हुकूम मात्र तुम्हीच द्यायचा, एकदाच. मालकाशिवाय तो कोणाला देताच येत नाही."

हे शेवटचं महाराजांना फार आवडलं. तरी शंका उरलीच होती.

"तुम्ही आणलेल्या मालावर नाव कोणाचं लागेल?"

"आमचं."

"माझ्या कोठारात तुझं नाव?"

"महाराज, तोंडाला फेस लागलाय तो बाबांच्या साबणाचा. म्हणून तोंड बाबांचं झालं का?"

हैबतीने झटकन वस्तरा बाजूला घेतला, म्हणून बरं. महाराज असे काही हसले की फेस दिवाणजींच्या पगडीपर्यंत उडाला. अर्ध्या दाढीनिशीच ते संगणकापाशी गेले आणि त्यांनी हुकूम दिला. सगुणाने कोठीवाल्याला हाक दिली. तो माल घेऊन आला आणि मुकाट्याने आत गेला.

महाराजांनी लगेच सुताराला बोलावलं. "खुर्चीवरचं माझं नाव तासून काढ आणि सगुणाचं कोर."

दिवाणजींनी दबकत विचारलं, "महाराज, मालकी तुमचीच ठेवायची ना? हिला नुसती बसायची मुभा?"

"नाही," महाराज उरलेला फेस पुसत म्हणाले, "हिला दोन्ही."